जगताप काकांचं ग्राउंड

जगताप काका मला दिसले त्याच्या सात-आठ मिनिटं आधी ऐकू आले. शनिवारची दुपार होती. कॉर्कच्या दक्षिणेकडचा तो जीवघेणा चढ मी दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन चढत होतो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डाव्या हाताला पुरुषभर उंच दगडी भिंत, आणि तिच्यापलीकडून अस्सल खडकी बाजारातला आवाज आला, "अरे गाढवा, डावीकडं काय तुझा बाप उभा राहणार का? सगळं रिकामं पडलंय की."

हातातली अंडी तिथंच गेली. आयर्लंडमध्ये येऊन मला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि घरचे सोडले तर कुणी मराठीतून गाढव म्हटलं नव्हतं. मला भरूनच आलं. भिंतीच्या कडेकडेनं फाटक शोधत गेलो, तर आत हॉकीचं मैदान. मॅच चालू. मरून शर्टातली अकरा गोरी माणसं घामाघूम होऊन पळत होती आणि त्यांच्या बरोबरीनं, कडेच्या रेघेबाहेरून, माकडटोपी आणि पिवळं चमकणारं जॅकेट घातलेला एक पासष्टीचा बुटका माणूस पळत होता. त्या बाविसांत आणि त्याच्यात फरक इतकाच की त्याला दम लागला नव्हता.

मी मराठीतून नमस्कार केला. त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही. "मॅच झाल्यावर," म्हणाले.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली एकवीस कारखान्याच्या टीममध्ये लेफ्ट हाफ. काकू गेल्या तेव्हा मुलानं, मिलिंदनं, त्यांना कॉर्कला आणलं. हा मिलिंद माझ्याच कंपनीत दोन टेबलं सोडून बसायचा आणि वडील आल्याचं त्यानं मला सहा महिने कळू दिलं नव्हतं. काका एखाद्या दिवशी कंपनीत येतील आणि कँटीनमध्ये कुणाला तरी जागा सोडली म्हणून ओरडतील, अशी त्याला धास्ती होती. ती बरोबरच होती.

मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडत. काका दिवसभर घरात. झोपायला जिन्याजवळची, इस्त्रीचं टेबल ठेवायची खोली. पाय लांब केले की दार उघडायचं नाही. गाडी चालवता येत नव्हती, आणि इथल्या बसवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण ती यायचीच नाही. असेच एकदा दूध आणायला गेले असताना भिंतीपलीकडून स्टिकवर चेंडू बसल्याचा टक्क आवाज आला. काका सांगायचे, "बायकोचा आवाज विसरेन एखाद वेळेस, हा नाही विसरणार." दूध तिथंच भिंतीपाशी ठेवलं आणि आत शिरले. त्या दिवसापासून जगात पायी जाण्यासारख्या त्यांच्या दोन जागा झाल्या: दुधाचं दुकान आणि अकरा मिनिटांवरचं हे ग्राउंड. दुधाचं दुकान गेलं असतं तरी चाललं असतं.

क्लबाचं नाव मी सांगत नाही. तिथली निम्मी माणसं अजून ओळख देतात आणि उरलेल्या निम्म्यांचे वकील आहेत.

काका सगळ्या मनुष्यजातीची वाटणी हॉकीतल्या जागांवर करायचे. मिलिंद गोलकीपर, का तर तो आपली जागा सोडत नाही आणि अंगावर आलं की डोळे मिटतो. सून सेंटर हाफ, सगळं घर तिच्या पायांवर. मला त्यांनी पहिल्याच चहाला सांगून टाकलं, "तू राइट इन. सगळीकडं दिसतोस, कामाला कुठंच नसतोस." मला वाईट वाटलं नाही, आमच्या मॅनेजरनं हेच तीन पानांत लिहून दिलं होतं. आणि स्वतः ते लेफ्ट हाफ. "लेफ्ट हाफला कोण ओळखत नाही. गोल मारला की फॉरवर्डचा, वाचवला की गोलीचा. लेफ्ट हाफचं काम एकच. आपली बाजू सोडायची नाही."

त्यांचं इंग्रजी कारखान्याच्या नोटीस बोर्डावरून आलेलं. 'नो', 'स्ट्रिक्टली' आणि 'विदाउट परमिशन' एवढ्या तीन शब्दांवर त्यांनी आयर्लंड चालवलं. तेवढ्यात न भागेल ते ते मराठीतच बोलायचे, फक्त मोठ्यानं. नवल म्हणजे क्लबात सगळ्यांना कळायचं. तिथला लेफ्ट हाफ दातांचा डॉक्टर होता. 'डावीकडं', 'मागं बघ' आणि 'आयला' हे शब्द त्याला इतके पाठ झाले होते की पेशंटच्या तोंडात हात घालून तो ते वापरायचा म्हणे. हे मला त्याच्याच पेशंटनं सांगितलं, म्हणजे मी.

एकदा काका अंपायरवर असे काही उसळले की त्यानं खेळ थांबवून सरळ त्यांनाच पिवळं कार्ड दाखवलं. प्रेक्षकाला कार्ड दाखवायचा नियम कुठल्या पुस्तकात आहे देव जाणे, अंपायरनं गंमत केली असणार. पण काकांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी टोपी काढली, अंपायरला मान लववली, फाटकाबाहेर गेले आणि फुटपाथवर घड्याळ बघत पाच मिनिटं बसले. त्या पाच मिनिटांत आमच्यावर एक गोल झाला. आत आले ते अंपायरला नाही, त्या दातांच्या डॉक्टरला म्हणाले, "बघ. मी नव्हतो."

दर गुरुवारी सकाळी ते मैदान झाडायचे. मैदान गवताचं नव्हतं. वाळू भरलेला कृत्रिम गालिचा होता, वीस वर्षांचा, ठिकठिकाणी टक्कल पडलेला, आणि कॉर्कच्या ओलीनं त्यावर शेवाळ धरायचं. या गालिच्याला काका 'चटई' म्हणत आणि चटईवर त्यांचा जुना राग होता. "आम्ही मातीवर खेळायचो. मातीवर आम्हाला कोण हरवायचं नाही. मग यांनी काय केलं, जमीनच बदलली. चटई टाकली. आता खेळा म्हणाले. कारखान्याला चटई कुठनं परवडणार? टीमच बंद पडली. खेळून हरवता येत नसेल ना सुहास, की पायाखालचं काढून घेतात." हे बोलताना मानेच्या शिरा फुगायच्या आणि हातातला खराटा मात्र चटईवरून मऊ फिरत राहायचा. खराटा खडकीचा. इथले ब्रश शेवाळाला नुसते गुदगुल्या करतात म्हणून त्यांनी सुट्टीवर गेलेल्या एकाकडून तो मागवला. क्लबात चहापाणी बघणारी नोरीन म्हणून एक सत्तरीची बाई होती. तिनं खराट्याला कप-बश्यांच्या प्रेसमध्ये जागा दिली. प्रेस म्हणजे इथलं कपाट. आयर्लंडमधली बाई आपल्या प्रेसमध्ये परक्याचा झाडू ठेवू देते हे लग्नाच्या होकाराच्या फक्त एक पायरी खाली आहे.

नोरीन त्यांना 'मिस्टर जे' म्हणायची. ते तिला 'बाई'.

आता मी रागाचं सांगतो, कारण इथपर्यंत सांगितलं ते लोक ऐकतात, हसतात आणि पुढचं सांगायच्या आत बिअर आणायला उठतात.

त्या वर्षांत कॉर्कला घरांचं वेड लागलं होतं. माणसं टपालपेटीएवढ्या जागेसाठी पहाटे रांगा लावायची. डोंगर, दऱ्या, शाळांची पटांगणं, नन लोकांच्या बागा, जिथं सपाट दिसेल तिथं क्रेन उभी. क्रेनांच्या गर्दीत विमानांना उतरायला जागा उरली नव्हती, असंही म्हणायला हरकत नाही. अशात शहराच्या पोटात, भिंतीआड, आमचं ते मैदान निवांत पडलेलं. बिल्डरच्या तोंडाला पाणी सुटलं नसतं तरच आश्चर्य.

क्लबाचा अध्यक्ष डेक्लन. उंच, देखणा, बोलायला लोणी. त्यानं एका रविवारी सगळ्यांना जमवून पडद्यावर चित्रं दाखवली. विमानतळाच्या पलीकडे, बारा किलोमीटरवर नवी जागा. पाण्याची दोन मैदानं, म्हणजे ज्यांवर मॅचच्या आधी फवारे मारतात असली, आजची सगळ्यात भारी चटई. काचेचा बार, व्यायामशाळा, दोनशे गाड्यांचं पार्किंग. जुनी जागा बिल्डरला द्यायची, क्लब तिकडे न्यायचा.

काका उठले. "बस कितीची?"

"पार्किंग ग्रँड आहे, जॅग," डेक्लन म्हणाला. जगतापचं त्यानं जॅग केलं होतं, आणि इथं ठीकठाक असलेलं सगळंच ग्रँड असतं.

"पार्किंग नाही विचारलं. बस."

"बस तिकडे नाही. पण कुणीही लिफ्ट देईल. नो बॉदर."

काका खाली बसले आणि मला मराठीतून म्हणाले, "यांचं नो बॉदर म्हणजे काय, मला चांगलं माहिती आहे. गटार तुंबलं तेव्हा प्लंबर पण नो बॉदरच म्हणाला होता. अजून यायचाय." मग जरा वेळानं, दातओठ खात, "सगळं ग्रँड. पाय मोडला, ग्रँड. बाप मेला, ग्रँड. ग्राउंड विकलं, ग्रँड. एक दिवस या शब्दाला मी खराट्यानं झोडणार आहे."

क्लब हलवायचा तर दोन तृतीयांश मतं हवी होती. काकांनी नोरीनकडून नियमांचं पुस्तक वाचून घेतलं. तिनं वाचायचं, त्यांनी मान डोलवायची, मग पुन्हा वाचायचं. चौथ्या वाचनात त्यांना सापडलं: सोशल मेंबरलाही मत असतं. खेळायची गरज नाही, तीन महिने आधी नाव नोंदवलं की झालं. तोवर सोशल मेंबर म्हणजे नोरीन, एक निवृत्त पाद्री आणि दोन मेलेली माणसं, ज्यांची नावं काढायला कुणाला धीर झाला नव्हता. काकांनी त्याच दिवशी स्वतःचा फॉर्म भरला आणि उरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा उचलून ते कॉर्कच्या मराठी माणसांवर तुटून पडले.

त्या गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये ते दाराशी टेबल मांडून बसले. एका बाजूला मोदकांचं ताट, दुसऱ्या बाजूला फॉर्म. आधी सही, मग मोदक. जावाचे, ओरॅकलचे, टेस्टिंगचे, सगळे रांगेत. निम्म्यांना वाटलं हॉकी म्हणजे बर्फावरची. एकानं विचारलं, "काका, यात इन्शुरन्स पण मिळतो का?" काका म्हणाले, "मोदक मिळतो." तेहतीस जणांनी सह्या केल्या.

आणि आता इथं आमची खरी जात कळते. आपल्या माणसाला वडीलधाऱ्यांच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही. ते तेहतीसच्या तेहतीस जण, आणि त्यात मी, त्या दिवशी सही करताना काकांना 'नक्की काका', 'तुमच्यासाठी काहीही काका' म्हणत होते. आणि त्यातल्या बहुतेकांनी त्याच ग्राउंडवर व्हायच्या फ्लॅटांसाठी आधीच नावं दिली होती. ठराव पास व्हायचा होता, पण बिल्डरचा माणूस आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये येऊन गुळगुळीत पुस्तकं वाटून, इच्छुकांची यादी करून गेलासुद्धा होता. शहरात, कंपनीला चालत जाता येईल असं, शाळा जवळ. माझ्या बायकोनं दुसऱ्या मजल्यावर खूण केली होती. स्वयंपाकघराची खिडकी बरोबर जिथं गोलपोस्ट होता तिथं. मिलिंदनं पहिल्या मजल्यावर.

यातलं एक अक्षर कुणी काकांना सांगितलं नाही. उलट तीन महिने ते ज्याच्या घरी जातील तिथं चहा, पोहे, आणि 'येणार ना?' 'येणार म्हणजे काय काका, विचारता काय?' मी तर एकदा उत्साहात जिन्यावरून ओरडून सांगितलं की आपण त्यांना दाखवून देऊ. नंतर घरात येऊन मी फ्लॅटचा नकाशा उघडला आणि बाल्कनी किती बाय किती आहे ते बघितलं. माझी मला चीड यायला हवी होती. तेव्हा आली नाही. ती हप्त्यानं येते आहे.

रविवारी दुपारी मतदान झालं. तेहतीस मराठी माणसं वेळेच्या आधी हजर. कॉर्कच्या इतिहासात असं पुन्हा झालेलं नाही. काका दारात उभं राहून एकेकाशी हात मिळवत होते. अंगात इस्त्री केलेला, कारखान्याच्या टीमचा ब्लेझर, खिशावरचं चिन्ह झिजून नुसता धाग्यांचा गोळा राहिलेला. मतदान गुप्त. खेळाडू सदस्यांना पांढरी चिठ्ठी, सोशल मेंबरांना निळी. क्लबाची जुनी रीत अशी की दोन्ही रंग वेगळे मोजायचे आणि वेगळे वाचायचे. पडद्याआड जायचं, खूण करायची, घडी घालायची. पडद्याआड काका नव्हते. आणि तोंडावर बोलता आलं नाही ते सगळं आम्ही तिथं बोललो.

आधी पांढऱ्या चिठ्ठ्या वाचल्या. ठराव दोन मतांनी पडत होता. काकांनी माझा दंड असा काही आवळला की त्याची खूण मी मंगळवारपर्यंत बघत होतो. "झालं," ते म्हणाले, "आता आपले."

मग नोरीननं निळ्या वाचल्या. मेलेल्या दोघांनी अर्थातच मत दिलं नव्हतं. छत्तीस चिठ्ठ्या, ठरावाच्या बाजूनं एकतीस, विरुद्ध पाच.

दोन्ही मिळून ठराव आरामात पास झाला.

मी हिशोब करायच्या आत त्यांनी तो केला होता. नोरीन, पाद्री, ते स्वतः, आणि तेहतिसांतले दोन. त्यांनी खडकीच्या बाजारासारखा आवाज काढला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझा दंड सोडला फक्त. आणि तेवढ्यात त्या डेक्लननं, त्याला कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही, स्टेजवरून हात जोडून आमच्या तऱ्हेनं नमस्कार केला आणि म्हणाला की आज नव्या भारतीय मेंबरांनी क्लबाला पुढे नेलं, आणि त्यांना आणल्याबद्दल जॅगचे आभार. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत आमच्याही काही होत्या. माणूस टाळ्यांच्या मध्ये उभा असला की हात आपोआप वाजतात, ही त्या दिवशी मी शोधून काढलेली सबब.

काकांनी जे केलं ते केलं नसतं, गप्प घरी बसले असते, तर ग्राउंड वाचलं असतं. हे त्यांना तिथं उभ्या उभ्या समजलं आणि आम्हा सगळ्यांना समजलं की त्यांना समजलं.

मिलिंद पुढे आला. "बाबा, तुम्हाला सांगणारच होतो. तुमच्यासाठीच केलं. तिथं तुम्हाला स्वतंत्र खोली मिळेल. ती इस्त्रीची खोली नाही, चांगली, खिडकीची."

"कुठं आहे खोली?"

"म्हणजे?"

"ग्राउंडात कुठं येते?"

मिलिंद इंजिनिअर आहे, विचारलं की नेमकं सांगतो. "साधारण... डाव्या बाजूला. पंचवीस यार्डांच्या रेघेजवळ."

"म्हणजे मी उभा राहतो तिथं."

"हो, साधारण."

"बरं," काका म्हणाले. "जिथं उभा राहिलो तिथंच आडवा करणार म्हणतोस."

मिलिंद रडला. मी कोकाकोला आणायला गेलो.

पुढच्या आठवड्यापासून कॉर्कमधल्या मराठी मंडळींत एक चमत्कार झाला. विरुद्ध पडलेल्या त्या दोन मतांचे मालक वाढायला लागले. जो तो काकांना गाठून, त्यांचा हात हातात घेऊन सांगायचा, "काका, त्या दोघांतला एक मी बरं का." मी मोजले तेव्हा एकोणतीस होते. विसावा मी होतो. एका बारशाला, जिलेबी खाता खाता सांगून टाकलं. काका सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "असं का." आणि पुढच्याकडे वळायचे. झाडणं त्यांनी सोडलं नाही. विकलेलं मैदान, कुंपणाला बिल्डरचा बोर्ड लागलेला, आणि हे आपले गुरुवारी सकाळी खराटा घेऊन हजर. मी एकदा म्हटलं, "काका, आता कशाला?" तर म्हणाले, "शनिवारी मॅच आहे ना?"  शेवटच्या मॅचनंतर मात्र त्यांनी खराटा नोरीनच्या प्रेसमधून काढून घरी नेला. नोरीन नव्या जागी गेली नाही. तिथं चहाला मशीन होतं.

भिंत पाडली. बिल्डरनं त्या घरांना नाव दिलं 'हॉकी फील्ड'. ज्याला गाडलं त्याचंच नाव दाराला लावायची या लोकांची खोड मी आयर्लंडभर बघितली आहे. जिथं ओकची झाडं कापली तिथं 'द ओक्स', जिथं ओढा बुजवला तिथं 'द ब्रूक'. मी तिथंच राहतो. पत्ता लिहिताना दर वेळी पेन जोरात दाबलं जातं.

मिलिंदनं ती खिडकीची खोली काकांसाठी ठरवून ठेवली होती, पडदेसुद्धा आधीच शिवून घेतले होते. ते तिथं एक रात्रही झोपले नाहीत. जुन्या भाड्याच्या घराची मुदत संपायच्या आतच मिलिंदनं त्यांना खडकीला परत धाडलं, आणि त्याला कारण झाला तो ऑक्टोबरमधला शनिवार. तो मी पाहिला, म्हणून सांगतो.

नव्या जागी क्लबाची पहिली मॅच होती. अडीचची. मी गाडी काढून विमानतळाच्या रस्त्याला लागलो आणि दोन-अडीच मैलांवर, भुरभुर पावसात, रस्त्याच्या कडेनं पिवळं चमकणारं जॅकेट चालताना दिसलं. शेजारून ट्रक जात होते. मी गाडी पुढे घेऊन थांबवली, काच खाली केली.

"काका, बसा."

ते वाकले, आत पाहिलं. टोपीवरून पाणी निथळत होतं. "किती आहे अजून?"

"आठ-नऊ किलोमीटर."

"मला वाटलं खडकी ते शिवाजीनगर असेल." मग तसंच वाकून, "सुहास, त्या दोघांतला एक तू का रे?"

मी बारशाला सांगितलं होतं त्यांना. विसरले नव्हते, लेफ्ट हाफ काही विसरत नाही. वायपर दोनदा फिरला.

"नाही काका."

"हं," ते म्हणाले. सरळ उभे राहिले. "चल, हो पुढं. तुझी मॅच चुकेल."

"बसा ना काका."

"बसणार नाही."

मी पुढे गेलो. मॅच बघितली म्हणजे काय बघितलं मला आठवत नाही. बघत फाटकाकडे होतो. डावी बाजू पहिल्या मिनिटापासून उघडी पडली होती आणि तिथं ओरडायला कुणी नव्हतं. दातांचा डॉक्टर दोनदा सवयीनं रेघेबाहेर बघून गेला. मॅच संपली, माणसं काचेच्या बारमध्ये चढली, पुढची मॅच बायकांची होती म्हणून तिथल्या कामगारानं फवारे सुरू केले. वरून पाऊस पडत होता आणि खालून हे चटईला पाणी मारत होते. त्या वेळी काका फाटकातून आत आले.

ते कठड्याला धरून बराच वेळ ते पाणी बघत राहिले. वरून काचेतून कुणीतरी ग्लास उंचावला. त्यांनी वर पाहिलं नाही.

"किती?" त्यांनी मला विचारलं.

"हरलो. तीन-एक."

"डावीकडून?"

"तिन्ही."

त्यांनी मान हलवली. बारा किलोमीटर चालून आल्यावर माणूस निदान टेकतो. त्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा घट्ट बांधली. "पुढच्या शनिवारी पण अडीच?"

"तीन."

"म्हणजे बाराला निघायला पाहिजे," ते म्हणाले आणि फाटकाबाहेर पडले.

मी धावत गाडीत बसलो. गाडी त्यांच्या मागे लावली, चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि माणसाच्या पावलाच्या वेगानं चालवत राहिलो. मागे गाड्या तुंबल्या. शपथेवर सांगतो, विमानतळापासून तुंबल्या असतील. हॉर्न वाजत होते. ओलांडून जाणारा प्रत्येक जण काच खाली करून माझ्या आईची चौकशी करत होता. काका एकदाही थांबले नाहीत. उजेड उतरायला लागला तसं ते जॅकेट माझ्या दिव्यांत जास्तच पिवळं दिसायला लागलं आणि ते नजरेआड होऊ नये म्हणून मी गाडी आणखी जवळ घेतली, आणखी जवळ.

तेव्हा मात्र ते वळले. ट्रकचा आवाज, हॉर्न, पाऊस, सगळ्यावरून तो आवाज आला.

"अंतर ठेव."

मी ब्रेक दाबला. अंतर ठेवलं.